पायथनच्या प्रॉम्प्टवर लिस्टची नेहमीची फंक्शने कायम हाताशी ठेवण्याची रीत

पायथनचा प्रॉम्प्ट, म्हणजे एकेक ओळ टाइप करून लगेच उत्तर पाहण्याची जागा, उघडून एखादा डेटा चाचपायला बसले की पहिल्या काही मिनिटांत त्याच त्या ओळी पुन्हा टाइप कराव्या लागतात: फंकटूल्समधून रिड्यूस आणा, इटरटूल्समधून चेन आणा, लिस्टचे दहा-दहाचे तुकडे पाडणारे फंक्शन कालच लिहिले होते ते आज पुन्हा लिहा. सेशन बंद झाले की सारे पुसले जाते. ही फंक्शने प्रॉम्प्ट उघडताच तयार मिळावीत अशी व्यवस्था अर्ध्या तासात करता येते. मात्र ती कोठे करायची हे ठरवताना चूक झाली, तर वाचलेल्या वेळेच्या कितीतरी पट वेळ पुढे एरर शोधण्यात जातो.

म्हणून सुरुवातीलाच हे ठरवावे की ‘आपोआप उपलब्ध’ म्हणजे कोणासाठी उपलब्ध: केवळ स्वतःच्या प्रॉम्प्टवर, एखाद्या प्रोजेक्टच्या कोडमध्ये, की त्या संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक पायथन प्रोग्रॅममध्ये. माझे मत स्पष्ट आहे. प्रॉम्प्टवर सर्व काही आयते मिळावे, प्रोजेक्टमध्ये प्रत्येक फाइलच्या डोक्यावर इम्पोर्टची ओळ उघडपणे लिहावी, आणि तिसऱ्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नये. पुढील सर्व मांडणी याच क्रमाने केली आहे.

एक सूचना आधीच देणे आवश्यक आहे. या लेखात कोडमधील शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. पायथनचे कीवर्ड, अंगभूत फंक्शने, मॉड्यूलची नावे आणि अंक प्रत्यक्ष टाइप करताना रोमन लिपीतच टाइप करावी लागतात.

आधीपासून काय मिळते

पायथन एखादे नाव शोधताना चार ठिकाणी क्रमाने पाहतो: चालू फंक्शनच्या आत, त्याला वेढणाऱ्या फंक्शनमध्ये, मॉड्यूलच्या ग्लोबल नावांत आणि शेवटी बिल्टइन्स या मॉड्यूलमध्ये. लेन, सम, मिन, मॅक्स, सॉर्टेड, रिव्हर्स्ड, झिप, एन्युमरेट, मॅप, फिल्टर, एनी आणि ऑल ही फंक्शने इम्पोर्ट न करता वापरता येतात, ती या चौथ्या जागेमुळेच. हा क्रम समजला की नवशिक्यांना हमखास चकवणारा एक प्रसंगही उलगडतो. प्रॉम्प्टवर एखाद्या व्हेरिएबलला चुकून ‘लिस्ट’ हेच नाव दिले, तर त्यानंतर लिस्ट हे अंगभूत नाव फंक्शनसारखे वापरताच टाइप एरर येतो, कारण तिसऱ्या जागेतील नाव चौथ्या जागेतील नावाला झाकते. मूळ नाव नष्ट झालेले नसते. डेल लिस्ट असे लिहून आपले व्हेरिएबल काढून टाकले की झाकलेले नाव पुन्हा दिसू लागते.

रिड्यूस (मालिकेतील घटक एकेक करत एकाच मूल्यात मिसळणारे फंक्शन) मात्र या यादीत नाही. पायथन २ मध्ये ते अंगभूत होते. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३.० पासून ते फंकटूल्समध्ये हलवले गेले. पायथनचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी २००५ मध्येच असे मांडले होते की बेरीज किंवा गुणाकार यांपलीकडे रिड्यूस वापरले तर वाचणाऱ्याला कागद-पेन्सिल घेऊन बसावे लागते आणि त्यापेक्षा साधा लूप बरा. त्यानंतर पायथन २.५ मध्ये एनी आणि ऑल अंगभूत झाले. कोणते फंक्शन सर्वांच्या हाताशी ठेवायचे आणि कोणते एका इम्पोर्टच्या अंतरावर, हा प्रश्न भाषा घडवणाऱ्यांनाही सुटलेला नव्हता, हे यावरून दिसते. आपली यादी ठरवताना त्यामुळे संकोच बाळगू नये. पण ती लहान ठेवावी. माझ्या यादीत सहा नावे आहेत आणि गेल्या कित्येक महिन्यांत सातवे लागलेले नाही.

मॉड्यूल लिहिणे

सर्वप्रथम होम फोल्डरमध्ये एक वेगळे फोल्डर करावे आणि त्यात लिस्टटूल्स नावाची पायथन फाइल ठेवावी. नाव ठरवताना पायथनच्या प्रमाण लायब्ररीतील कोणत्याही मॉड्यूलचे नाव घेऊ नये. फाइलचा मुख्य भाग असा असेल:

```
फ्रॉम फंकटूल्स इम्पोर्ट रिड्यूस
फ्रॉम इटरटूल्स इम्पोर्ट चेन, आयस्लाइस
फ्रॉम कलेक्शन्स इम्पोर्ट डिफॉल्टडिक्ट

डेफ फर्स्ट(मालिका, नसल्यास=नन):
    रिटर्न नेक्स्ट(इटर(मालिका), नसल्यास)

डेफ फ्लॅटन(मालिका):
    रिटर्न लिस्ट(चेन.फ्रॉम_इटरेबल(मालिका))

डेफ चंक्स(मालिका, आकार):
    इफ आकार < १:
        रेझ व्हॅल्यूएरर("आकार किमान १ हवा")
    स्रोत = इटर(मालिका)
    निकाल = []
    व्हाइल तुकडा := लिस्ट(आयस्लाइस(स्रोत, आकार)):
        निकाल.अपेंड(तुकडा)
    रिटर्न निकाल
```

फर्स्टसाठी शून्य क्रमांकाचा घटक चौकटी कंसाने का घेतला नाही, असे कोणी विचारील. रिकाम्या लिस्टवर तसे केल्यास इंडेक्स एरर येतो, आणि जनरेटरवर (मागितल्यावर एकेक घटक देणाऱ्या वस्तूवर) तर चौकटी कंस चालतच नाही. हाताशी ठेवायच्या फंक्शनांनी लिस्ट, ट्युपल, सेट, डिक्शनरीच्या किल्ल्या, उघडलेल्या फाइलच्या ओळी असे काहीही स्वीकारावे आणि परत देताना शक्यतो लिस्टच द्यावी, असा नियम मी पाळतो. जनरेटर परत दिला तर स्मृती वाचते हे खरे. परंतु प्रॉम्प्टवर त्याचा त्रासच अधिक होतो, कारण तो एकदा फिरून संपला की दुसऱ्यांदा रिकामा निघतो आणि आपण डेटाच बिघडला असे समजून भलतीकडेच शोध घेत राहतो. त्याच स्वभावामुळे फर्स्टला जनरेटर दिला तर त्याचा पहिला घटक खर्ची पडतो, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

चंक्समधील आकाराची तपासणी मी नंतर घातली. ती नसताना आकार शून्य दिला, तर आयस्लाइस पहिल्याच फेरीत रिकामी लिस्ट देतो, लूप थांबतो आणि फंक्शन मुकाट्याने रिकामा निकाल परत करते. हजार नोंदी दिल्या आणि शून्य तुकडे मिळाले, तरी एररचा पत्ता नाही. एरर न देता चुकीचे उत्तर देणारे फंक्शन कायम हाताशी ठेवणे हे नसलेल्या फंक्शनपेक्षा वाईट. पायथन ३.१२ पासून इटरटूल्समध्ये बॅच्ड हे याच कामाचे फंक्शन आले आहे आणि तेही आकार एकपेक्षा कमी असल्यास व्हॅल्यू एरर देते. मात्र ते लिस्टऐवजी ट्युपल देते, म्हणून मी माझे चंक्स ठेवून दिले आहे. कोडमधील अपूर्णविराम आणि बरोबर चिन्ह यांची जोडी पायथन ३.८ पासून चालते, हेही जुन्या आवृत्तीवर काम करणाऱ्यांनी पाहून घ्यावे.

फ्लॅटनसाठी अनेकजण सम हे फंक्शन रिकाम्या लिस्टपासून सुरू करून वापरतात. लहान डेटावर ते चालते, पण प्रत्येक बेरजेला पायथन नवी लिस्ट तयार करून आधीचे सर्व घटक तिच्यात उतरवतो. दहा-दहा घटकांच्या हजार लिस्ट जोडायच्या असतील तर प्रत्यक्षात घटक दहा हजारच असतात, पण उतरवण्याच्या क्रिया पन्नास लाखांवर जातात. चेनच्या मार्गाने प्रत्येक घटक एकदाच हाताळला जातो.

सर्वाधिक काळजी घ्यावी लागते ती गट पाडण्याच्या फंक्शनची. इटरटूल्समधील ग्रुपबाय केवळ शेजारी-शेजारी असलेले सारखे घटक एकत्र करतो. ‘क, ख, क’ अशी लिस्ट त्याला दिली तर दोन नव्हे, तीन गट मिळतात. हे गट तसेच डिक्शनरीत भरले तर शेवटचा ‘क’चा गट पहिल्या ‘क’च्या गटावर बसतो आणि एक नोंद गायब होते, याची जाणीव करून देणारा कोणताही संदेश येत नाही. यावर उपाय म्हणजे आधी सॉर्ट करणे किंवा, जे मी पसंत करतो, कलेक्शन्समधील डिफॉल्टडिक्टला लिस्ट देऊन प्रत्येक घटक त्याच्या किल्लीखाली अपेंड करत जाणे:

```
डेफ ग्रुप_बाय(मालिका, किल्ली):
    गट = डिफॉल्टडिक्ट(लिस्ट)
    फॉर घटक इन मालिका:
        गट[किल्ली(घटक)].अपेंड(घटक)
    रिटर्न डिक्ट(गट)
```

शेवटी साध्या डिक्टमध्ये रूपांतर केले आहे, ते विसरू नये. अन्यथा नसलेली किल्ली नुसती पाहिली तरी तिच्या नावाचा रिकामा गट तयार होतो. तसेच निकालाची लिस्ट फंक्शनच्या पॅरामीटरमध्ये डिफॉल्ट म्हणून देऊ नये. पायथन डिफॉल्ट मूल्य फंक्शन बनवताना एकदाच तयार करतो, त्यामुळे पहिल्या हाकेत भरलेले घटक दुसऱ्या हाकेतही तसेच राहतात. दिवसभर उघड्या असणाऱ्या प्रॉम्प्टवर हा दोष फार उशिरा लक्षात येतो.

वरच्या कोडमधील ‘मालिका’, ‘आकार’, ‘तुकडा’ ही आपण दिलेली नावे मात्र खरोखरच देवनागरीत ठेवता येतात. पायथन ३ त्यांना मान्यता देतो. अडचण एकच येते. ‘दुसऱ्या’सारख्या शब्दातील अर्धा र काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह अशा रीतीने उमटवतात, आणि ते जोडचिन्ह पायथनला नावात चालत नाही. डोळ्यांना शब्द शुद्ध दिसतो आणि सिंटॅक्स एरर काही जात नाही. अशा वेळी टिंब असलेला ऱ वापरून तो शब्द टाइप करावा किंवा सरळ दुसरे नाव घ्यावे.

मॉड्यूलच्या अखेरीस बाहेर द्यायच्या नावांची यादी करावी. ऑल या शब्दाच्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर असलेल्या व्हेरिएबलमध्ये रिड्यूस, फर्स्ट, लास्ट, फ्लॅटन, चंक्स आणि ग्रुप_बाय ही नावे अवतरणचिन्हांत लिहावीत. यांतील लास्ट म्हणजे शेवटचा घटक देणारे फंक्शन; ते वर दिलेले नाही, फर्स्टच्या धर्तीवर आधी लिहून घ्यावे. असे केले की तारांकित इम्पोर्टने (इम्पोर्टपुढे नावांऐवजी * लिहून) नेमकी हीच नावे बाहेर पडतात. चेन, आयस्लाइस वगैरे आतल्या वापराची नावे प्रॉम्प्टवर गर्दी करत नाहीत.

प्रॉम्प्टला जोडणे

पायथन इंटरॅक्टिव्ह रीतीने सुरू होताना पायथनस्टार्टअप नावाचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमबाहेर, संगणकाच्या व्यवस्थेत ठेवलेले मूल्य) पाहतो. हे नाव सलग आणि मोठ्या अक्षरांत असते. त्यात एखाद्या फाइलचा पत्ता असल्यास पहिला प्रॉम्प्ट दिसण्यापूर्वी ती फाइल चालवली जाते, आणि ती प्रॉम्प्टच्याच नामावकाशात चालत असल्याने तिच्यात इम्पोर्ट केलेली नावे लगेच वापरता येतात. त्याच फोल्डरमध्ये स्टार्टअप नावाची दुसरी फाइल करून तिच्यात चार गोष्टी क्रमाने लिहाव्यात: सिस मॉड्यूल इम्पोर्ट करणे, सिसमधील पाथच्या शेवटी आपल्या फोल्डरचा पूर्ण पत्ता अपेंड करणे, लिस्टटूल्समधून तारांकित इम्पोर्ट करणे, आणि मग तो पत्ता पाथमधून पुन्हा काढून सिस हे नावही डेलने पुसून टाकणे. चौथी पायरी अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. पण पत्ता तसाच राहिला तर त्या फोल्डरमधील इतर फाइलीही प्रॉम्प्टवर इम्पोर्ट होतात, स्क्रिप्टमध्ये मात्र होत नाहीत, आणि ‘प्रॉम्प्टवर तर चालत होते’ हे कोडे उगाच उभे राहते.

लिनक्स किंवा मॅकवर शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये एक्सपोर्टची ओळ लिहून व्हेरिएबल भरावे. पत्ता अवतरणचिन्हांत लिहून त्याच्या आरंभी होमदर्शक लाटचिन्ह (~) दिले, तर शेल ते उलगडत नाही आणि पायथनही उलगडत नाही. मग फाइल उघडता आली नाही असा संदेश येतो. डॉलरचिन्हासह होम असे लिहावे म्हणजे हा प्रश्न येत नाही. विंडोजवर सेटएक्स या आदेशाने व्हेरिएबल भरता येते. त्यानंतर टर्मिनलची नवी खिडकी उघडावी लागते, कारण आधीच उघड्या असलेल्या खिडकीला नवे मूल्य कळत नाही.

नवे टर्मिनल उघडून पायथन सुरू करावा आणि एक ते सात हे सातही आकडे देणाऱ्या रेंजवर (रेंज(१, ८)) आकार तीन देऊन चंक्स चालवून पाहावे: तीन, तीन आणि एक अशा घटकांच्या तीन लिस्ट दिसल्या पाहिजेत. स्टार्टअप फाइलमध्ये चूक असेल तर तिचा ट्रेसबॅक दिसतो आणि तरीही प्रॉम्प्ट उघडतो, त्यामुळे प्रयोग करायला भीती नाही. कोरा प्रॉम्प्ट हवा असेल तेव्हा पायथनच्या पुढे उणेचिन्ह आणि मोठा ई लावावा. मग तो पायथनसाठीची सर्व एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स दुर्लक्षित करतो. स्क्रिप्ट संपल्यावर प्रॉम्प्ट उघडा ठेवणारा छोटा आय हा पर्याय वापरला तर मात्र स्टार्टअप फाइल वाचली जात नाही. मला हे कळेपर्यंत एक संध्याकाळ खर्च झाली होती.

या पद्धतीचा मोठा लाभ असा की व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एखाद्या प्रोजेक्टसाठी वेगळी ठेवलेली पायथनची मांडणी) बदलले तरी व्यवस्था टिकते. मॉड्यूल एखाद्या एन्व्हायर्नमेंटमध्ये इन्स्टॉल केले असते, तर प्रत्येक नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ते पुन्हा करावे लागले असते.

आयपायथन हा पायथनचा अधिक सोयींचा प्रॉम्प्टही सामान्यतः हेच व्हेरिएबल मानतो, त्यामुळे टर्मिनलवर निराळे काही करावे लागत नाही. ज्युपिटर (ब्राउझरमध्ये नोटबुकच्या रूपात कोड चालवण्याचे साधन) डेस्कटॉपच्या मेनूतून उघडत असेल तर शेलमध्ये भरलेले व्हेरिएबल त्याच्यापर्यंत पोचेलच असे नाही. त्यासाठी आयपायथनच्या डिफॉल्ट प्रोफाइलमध्ये स्टार्टअप नावाचे फोल्डर असते. त्यातील पायथन फाइली नावांच्या क्रमाने चालवल्या जातात, म्हणून फाइलच्या नावाआधी दोन अंक लिहिण्याची प्रथा आहे. तीच स्टार्टअप फाइल तेथे ठेवावी. मात्र नोटबुक दुसऱ्या कोणाला देणार असाल तर पहिल्या सेलमध्ये सर्व इम्पोर्ट स्पष्टपणे लिहावेत आणि आपल्या फंक्शनांचा कोडही सोबत द्यावा.

बिल्टइन्समध्ये नावे का भरू नयेत

बिल्टइन्स मॉड्यूल इम्पोर्ट करून त्यावर स्वतःची नावे चिकटवता येतात, आणि यूझरकस्टमाइझ किंवा साइटकस्टमाइझ या नावांच्या फाइली पायथन प्रत्येक वेळी सुरू होताना आपोआप इम्पोर्ट करत असल्याने तेथून हे काम सर्व प्रोग्रॅमसाठी एकदम करणे शक्य आहे. मी तसे केले होते. काही आठवडे ते फार सोयीचे वाटले. मग एका सहकाऱ्याकडे पाठवलेली स्क्रिप्ट त्याच्या संगणकावर पहिल्याच ओळीत नेम एरर देऊन थांबली, आणि आम्ही दोघे बराच वेळ पायथनच्या आवृत्त्या ताडून पाहत बसलो. कारण माझ्या फाइलमध्ये कोठेही इम्पोर्ट नव्हता आणि तरीही ती माझ्याकडे चालत होती. पुढे हेही लक्षात आले की व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये वापरकर्त्याचे पॅकेज फोल्डर सहसा बंद असते, म्हणजे यूझरकस्टमाइझ माझ्याकडेही काही ठिकाणी चालत होते आणि काही ठिकाणी नाही.

याहून छुपा धोका निराळाच आहे. एखाद्या मॉड्यूलच्या लेखकाने फर्स्ट नावाचे स्वतःचे फंक्शन लिहायचे ठरवले आणि ते लिहायचे राहून गेले, तर पायथनने नेम एरर देऊन चूक दाखवायला हवी. आपण चौथ्या जागेत तेच नाव ठेवलेले असल्यास ती चूक झाकली जाते आणि आपले फंक्शन भलत्याच कामाला जुंपले जाते. कोड तपासणारी साधनेही अशी नावे अनोळखी ठरवून प्रत्येक फाइलवर इशारे देतात; मग माणूस इशारे बंद करतो, आणि त्यांसोबत खरे इशारेही बंद होतात.

तारांकित इम्पोर्टलाही प्रोजेक्टच्या फाइलींत थारा देऊ नये. रेंज पाच (म्हणजे शून्य ते चार) आणि उणे एक ही दोन मूल्ये सम या अंगभूत फंक्शनला दिली, तर उत्तर नऊ येते, कारण उणे एक हा बेरजेचा प्रारंभ मानला जातो. आधी नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीतून तारांकित इम्पोर्ट केलेला असेल तर तीच ओळ दहा हे उत्तर देते, कारण तेथे दुसरे मूल्य अक्ष दाखवते. एरर कोठेच नाही, फक्त उत्तर बदललेले. प्रोजेक्टमध्ये फ्रॉम लिस्टटूल्स इम्पोर्ट चंक्स असे नेमके नाव लिहावे आणि लिस्टटूल्सची प्रत त्या प्रोजेक्टमध्येच ठेवावी.

इतर भाषांतील सोय

हॅस्केलमध्ये प्रेल्यूड हे मॉड्यूल आपोआप इम्पोर्ट होते आणि त्यात मॅप, फिल्टर, टेक, ड्रॉप, झिप, फोल्ड-आर (रिड्यूससारखे, पण उजवीकडून चालणारे) ही फंक्शने असतात. नब, ग्रुप, सॉर्टबाय यांसाठी डेटा-लिस्ट लागते. जीएचसी या हॅस्केलच्या कंपायलरसोबत येणाऱ्या जीएचसीआयच्या प्रॉम्प्टसाठी होम फोल्डरमधील टिंबाने सुरू होणाऱ्या जीएचसीआय फाइलमध्ये इम्पोर्टची ओळ लिहिली की काम झाले. युनिक्सवर ही फाइल इतरांना लिहिता येण्याजोगी असेल तर जीएचसीआय ती वाचत नाही, म्हणून परवानग्या तपासाव्यात. तेथेही ही यादी हलती आहे: २०२४ च्या जीएचसी ९.१० पासून डावीकडून चालणारा काटेकोर फोल्ड प्रेल्यूडमध्ये आला.

स्कीम या लिस्प कुळातील भाषेच्या १९९८ च्या आर५आरएस प्रमाणात मॅप आणि अपेंड होते, पण फिल्टर आणि फोल्ड नव्हते. ती उणीव ओलिन शिव्हर्स यांच्या १९९९ च्या एसआरएफआय-१ या लिस्ट-लायब्ररीने भरून काढली. गाइल ही स्कीमची एक अंमलबजावणी वापरणाऱ्यांनी होम फोल्डरमधील टिंबयुक्त गाइल फाइलमध्ये यूझ-मॉड्यूल्सने एसआरएफआय-१ मागवावे. ती फाइलही केवळ इंटरॅक्टिव्ह वापरातच वाचली जाते. लिस्पमध्ये वाढवता येणाऱ्या ईमॅक्स या संपादकात जुन्या सीएल लायब्ररीने विनाउपसर्ग नावे सर्वत्र पसरवली आणि त्यातून होणाऱ्या टकरींमुळे २४.३ या आवृत्तीत सीएल-लिब आली, जिच्यातील प्रत्येक नावाला सीएल हा उपसर्ग आहे. तेथे इनिट फाइलमध्ये रिक्वायरची एक ओळ पुरते.

आवृत्ती बदलल्यावर

पायथनची नवी आवृत्ती घेतली की एक तपासणी करावी. बिल्टइन्सवर डिर चालवून मिळालेल्या नावांचा सेट आणि लिस्टटूल्सच्या ऑल यादीचा सेट यांचा छेद घ्यावा. तो रिकामा निघाला तर काहीच करायचे नाही. एखादे नाव निघाले तर आपल्या फंक्शनचे नाव त्याच दिवशी बदलावे, आणि ज्या प्रोजेक्टमध्ये त्याची प्रत ठेवली आहे तेथेही ते शोधून बदलावे.